सोंड आणि मनगट

गुन्हा गंभीर की किरकोळ, हे जखमेवरून ठरत नाही. चौकीबाहेर किती माणसं जमली, यावरून ठरतं. बायकोचा छळ हा गंभीर गुन्हा आहे, असं कायद्यात लिहून पुष्कळ वर्षं झाली. पण कायदा वरती लिहितात आणि पेणला तो एसटीने येतो, त्यामुळे वाटेत थोडं गांभीर्य सांडतं. यात आमच्या चौकीचा (कुठली ते सांगत नाही, तिलाही अब्रू आहे) काही दोष नाही.

मी त्या चौकीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. १९९५ साली मार खाल्लेल्या ४१ बायका आल्या. त्यांतल्या ३९ जणींची समजूत घातली, एक आपणहून समजली, आणि एक का समजली नाही याची चौकशी अजून चालू आहे.

पुढच्या वर्षी, गणपतीला बारा दिवस असताना सगुणा आली. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. राहिलेलं काम म्हणून एक मूर्ती तिने घरी आणली होती. तिचा नवरा केरू धरमतरच्या मिठागरावर कामाला. डाळीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने तिला काठीने झोडपलं आणि ढकललं. ती मूर्तीवर पडली. तिचं उजवं मनगट मोडलं, मूर्तीची सोंड मोडली.

"घरातलं हाय गो, घरातच मिटव," हवालदार नाथा म्हणाले. "आज मारील, उद्या साडी आणील."

"तीन वर्सं मारतोय, एक पण साडी नाय आली," सगुणा म्हणाली. "गुन्हा लिवून घ्या. आज परत गेले तर जित्ती ठेवायचा नाय."

तेवढ्यात कारखान्याचे मालक दामोदरपंत सोंडेची बातमी घेऊन आले. अर्ध्या तासात दीडशे माणसं जमली आणि प्रकरण गंभीर झालं. फौजदार जेवण अर्धवट टाकून आले (हे प्रथमच). पंचनामा असा झाला: मोडलेली वस्तू, सोंड, चार बोटं. मोडण्याचं साधन, बायको, एक नग.

आता आरोपी कोण? केरूचा धक्का घरगुती होता. मूर्तीला लागला तेव्हा तो सार्वजनिक झाला, आणि मधल्या काळात तो सगुणाच्या ताब्यात होता. सबब आरोपी सगुणा, आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार केरू.

"मी पडले नाय, मला पाडली!" ती ओरडली.

'पडण्याबाबत दुमत नाही,' अशी नोंद झाली.

ती मूर्ती रोह्याच्या एका मंडळाची होती; संध्याकाळी मंडळाने तिच्याऐवजी दुसरी मूर्ती पसंत केली. दामोदरपंतांनी मोठ्या मनाने तक्रार मागे घेतली, म्हणजे गुन्हाच उरला नाही. सगुणाला सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारी साक्षीदारावर सोपवण्यात आली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, पण ती लिहायला अर्जात रकाना नाही.

ही हकिकत मी आजवर सव्वीस जणांना सांगितली. सव्वीसही जण हळहळले आणि सगळ्यांनी एकच गोष्ट विचारली. तुम्ही सत्ताविसावे. तुम्हालाही तीच काळजी असणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: सोंड छान जुळली.