घासूनपुसून बेसूर

आमच्या घरात सकाळ ठरलेल्या क्रमाने होते. आधी पाण्याचा पंप सुरू होतो, मग चहाचे आधण चढते, मग सासरे दाराशी पडलेले वर्तमानपत्र उचलतात आणि त्यातील छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करतात. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याचे काम केल्यामुळे बातमीपेक्षा अक्षराकडे त्यांचे लक्ष अधिक. बायको डबे भरते आणि मी बुटांना पॉलिश करतो. विद्यापीठाच्या रसायन विभागातील नाजूक वजनकाटे माझ्या ताब्यात असतात. माझ्या काट्यांवर धूळ बसत नाही. बसलीच, तर तिचे वजन मला ठाऊक असते. स्वच्छतेच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी अभिमानाने नव्हे, केवळ माहितीसाठी सांगतो.

त्या सकाळी या क्रमात एक वास शिरला. तो कपाटावरच्या काळ्या पेटीतून येत होता. छापखाना बंद पडला, घर विकले गेले, आणि आमच्याकडे राहायला येताना सासऱ्यांनी दोन कपड्यांच्या बॅगांखेरीज एवढेच सामान आणले होते: ती पेटी आणि तिच्यातला अकॉर्डियन. गळ्यात अडकवून, छातीशी भाता ओढत वाजवायचा तो बाजा. त्याचा भाता फाटल्यामुळे कित्येक वर्षांत तो वाजला नव्हता. सासरे अधूनमधून पेटी उघडत, बाज्यावरून हात फिरवत आणि पेटी पुन्हा मिटत. एवढ्या अवधीत घरभर असा कुबट वास पसरे, की ओल्या पोत्यात उंदरांचे संमेलन भरले असावे.

बायकोने त्या दिवशी निर्णय सुनावला. रविवारपर्यंत वास गेला नाही तर पेटी भंगारवाल्याकडे जाईल; आणि पेटी गेली की बाजा ठेवायला घरात जागा नाही, हे तिने न बोलताच सर्वांना कळवले. सासऱ्यांनी हातातला चहाचा कप न पिता खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही चार दिवस धाकटीकडे जाऊन या," मी म्हणालो. "परत याल तेव्हा बाजा नव्यासारखा झालेला असेल."

सासऱ्यांनी माझ्याकडे अशा विश्वासाने पाहिले, की बूट पुसायचे थांबवून मला उभे राहावे लागले.

पेटीपासून सुरुवात केली. बायकोने खाण्याचा सोडा सुचवला, तिच्या मैत्रिणीने फोनवर कॉफीची पूड सांगितली, शेजारच्या काकूंनी डांबराच्या गोळ्या आणून दिल्या. कोणाचे मन दुखवू नये म्हणून मी तिन्ही उपाय एकाच वेळी केले. कुबट वास गेला नाही. त्याला सोबती मिळाले. पेटी उघडली की दवाखान्यात कोणीतरी कॉफी सांडल्याचा भास होऊ लागला.

अखेर पेटी गच्चीवर कडक उन्हात ठेवली आणि बाज्यालाही थोडे ऊन मिळावे, या सद्भावनेने तोही शेजारी ठेवला. इथे थोडी माहिती देणे भाग आहे. हार्मोनियमप्रमाणे याच्याही पोटात धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. पट्टीच्या पातळ जिभेतून हवा गेली की सूर निघतो. या पट्ट्या आत मेणाने चिकटवलेल्या असतात, हे मला दुपारी कळले. बाजा उचलला तेव्हा त्याने दुखणेकऱ्यासारखा एक दीर्घ उसासा टाकला आणि त्याच्या पोटात काहीतरी खळखळले.

तरीही मी डगमगलो नाही. सगळ्या पट्ट्या वर्तमानपत्रावर काढल्या. त्यांवर पांढरट गंज चढला होता. तो मी बारीक पॉलिशपेपरने घासला. जिभांना हात लावला नाही, तेवढी अक्कल मला होती. गंजाखाली प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात एक ओरखडा निघाला. बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा मला राग आला आणि एकाही पट्टीवर तो ओरखडा मी राहू दिला नाही. शेवटची पट्टी घासताना ती उजेडात जरा कलली आणि ओरखडा इंग्रजी अक्षरासारखा दिसला. अक्षरच होते ते. पट्टी कोणत्या सुराची, हे त्यावर कोरलेले होते. तोवर माझा हात सवयीने पुढे गेला होता, आणि तेही अक्षर गेले.

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पट्ट्या आकारावरून लागल्या. मधल्या मात्र जुळ्या बहिणींसारख्या होत्या. मी त्या अंदाजाने बसवल्या, मेण ओतले, भात्याला नवे कापड लावले आणि बाहेरून बाजा इतका चमकवला, की त्यात पाहून दाढी करता यावी.

सासरे परतले. त्यांनी बाजा गळ्यात घातला, डोळे मिटले आणि वाजवू लागले. सुरुवातीच्या जाड सुरांवर धून नीट चालली, मधल्या सुरांशी आली आणि जिन्यात पाय चुकावा तशी कोसळली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच कोसळली. मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले, एवढ्यात सासरे म्हणाले, "तुमचं काम फर्स्टक्लास आहे, जावईबापू. माझेच कान गेलेले दिसतात."

माणसाला एकाच वाक्यात शाबासकी आणि सुटका मिळाली की त्याचे तोंड आपोआप मिटते. माझे मिटले. रात्रीच्या जेवणात बायकोने मला आग्रह करकरून वाढले. इतक्या मेहनतीने बाजा नीट करून दिला आणि बाबांना वाजवता येईना, माझ्या मनाला काय वाटत असेल, असे ती सारखे म्हणत होती. माझ्या मनाला खरोखरच काहीतरी वाटत होते.

कानाच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना काचेच्या खोलीत बसवून बारीकबारीक आवाज ऐकवले आणि हे कान विशीतल्या मुलाला शोभतील, असा निर्वाळा दिला. सासऱ्यांना आनंद झाला नाही. कान शाबूत, तर बिघाड डोक्यात, हे गणित त्यांनी आमच्याआधी मांडले होते. जिना उतरताना ते माझ्या दंडाला धरून म्हणाले, "कान गेले असते तर परवडलं असतं. कानाला यंत्र तरी मिळतं."

बायकोने मेंदूच्या डॉक्टरांची चौकशी सुरू केली. सासऱ्यांनी तिला थोडे थांबायला सांगितले. रोज सकाळी वर्तमानपत्र बाजूला ठेवून ते बाजा घेऊन बसू लागले. एकेक सूर दाबायचे, ऐकायचे, मान हलवायचे. मी न राहवून विचारले, तेव्हा त्यांनी छापखान्यातली हकिगत सांगितली. मालकाने एकदा खिळे ठेवायची नवी पेटी आणली होती. तिच्यात सगळ्या अक्षरांचे कप्पे इकडचे तिकडे. जुळवणारे कामच सोडायला निघाले.

"मी म्हटलं, बोटांना नवे पत्ते सांगा, बोटं बरोबर जातात," ते म्हणाले. "आताही तेच. डोकं फिरलं असेल तर फिरू दे."

आणि बोटे जाऊ लागली. धून आधी लंगडत, मग चालत, मग ऐटीत शेवटापर्यंत पोहोचू लागली. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून ऐकू लागल्या. बाजा आता बाहेरच असे, त्यामुळे रिकामी पेटी गच्चीच्या जिन्याखाली गेली आणि रविवारची मुदत बायको विसरली.

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण चूक माहीत असून ती तशीच ठेवणे माझ्या स्वभावात नाही. मी भौतिकशास्त्र विभागातून, ठोकले की एकेक ठरलेला सूर देणारे पोलादी स्वरकाटे मागून आणले आणि सासरे वाचनालयात गेले असताना दोन पट्ट्यांची अदलाबदल करून त्या योग्य जागी बसवल्या. बाकीच्या हळूहळू बसवण्याचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धून मध्येच कोसळली. सासऱ्यांनी पुन्हा वाजवून पाहिले नाही. भाता मिटला, पट्टा लावला, आणि बायकोला इतकेच म्हणाले, "त्या डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लाव. आज संध्याकाळचा मिळाला तर बघ."

नंबर मिळाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी सासरे कूस बदलून झोपल्यावर, झोपलेले मूल पाळण्यातून उचलावे तसा बाजा उचलला. उसासा टाकू नये म्हणून हवा सोडायची कळ अंगठ्याने दाबून धरली. स्वयंपाकघराचे दार लावून घेतले, स्क्रू काढले, मेण ऊन केले. कोणता सूर कोणाच्या घरात राहत होता, हे आठवून त्या दोन पट्ट्या पुन्हा एकमेकींच्या जागी बसवल्या आणि कानाशी धरून, अगदी हळू, खात्री करून घेतली. आजवर इतक्या काळजीने मी काहीही बिघडवले नव्हते.

संध्याकाळी निघताना बायको किल्ल्या शोधत होती. सासऱ्यांनी बूट घातले आणि उगाच, जाता जाता, बाजा मांडीवर घेतला. धून शेवटापर्यंत गेली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाजवली. मग बूट काढले.

"नंबर रद्द कर गं," ते म्हणाले. "सकाळी काहीतरी झालं होतं. आता बरं आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी स्वरकाटे रुमालात गुंडाळले आणि उद्या परत करायचे म्हणून ऑफिसच्या पिशवीत घातले.