तुळशीच्या खांद्यावरचा गुलाबी फुगा

"त्या बंदुकीला मी माणसात आणते! नाय आणली तर जन्मभर चिकू निवडेन!"

फुग्यांच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, तुळशीनं सगळ्या बायांसमोर हे जाहीर केलं आणि टाळीसाठी उजवा हात वर नेला. हात अर्ध्यावरच अडकला.

"आई गं!"

खांदा पिकल्या जांभळाच्या रंगाचा झाला होता. करणी सगळी त्या रायफलीची!

बोर्डीला शेठच्या चिकूवाडीमागे नेमबाजीचा क्लब होता. पाटीवर 'सर्वांसाठी खुला' असं लिहिलेलं. सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी, हे लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. तुळशीनं पाटी वाचली, खरी मानली आणि आगरच्या पाड्यावरून थेट आत गेली. मागोमाग आणखी चार बाया गेल्या. शेठला नाही म्हणता येईना. पाटी त्यानंच लावली होती ना!

रायफल शेठच्या वडिलांच्या काळातली, लायसनची, सेमी-ऑटोमॅटिक. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत सरकते. एवढी शहाणी बंदूक! पण गोळी समोर जाताना रायफल मागं यायची ती बिथरलेल्या रेड्यासारखी. तुळशी उभी राहिली तर रायफलीपेक्षा वीतभरच उंच. रेडा थेट खांद्यात!

शिकवायला चिमण मास्तर, म्हणजे रिटायर झालेले हवालदार.

"दस्ता खांद्याच्या खळीत दाब. पुढे झुक. तिला घट्ट चिकटून राहा."

"चिकटते ओ मास्तर. तीच लाथ मारते!"

शेठचा भाचा प्रविण खो खो हसला. "बायांच्या खांद्यावर लाकडाची मोळीच शोभते!" प्रविणकडे परदेशी जॅकेट होतं, खांद्यात गादी भरलेलं. क्लबचंही एक जॅकेट होतं, पण त्यात तुळशी, तिचा नवरा विनोद आणि वर घरची शेळी असे तिघं मावले असते.

शेवटी शेठनं निकाल लावला. "बघ बेन, रविवारी पाच गोळ्या. तीन काळ्या गोलात लागल्या तर तू टीममध्ये. नाय लागल्या तर तुमचा बायकांचा गट बंद."

गट बंद! पाच जणींचं भवितव्य एका जांभळ्या खांद्यावर!

तुळशी कामाला लागली. आधी दस्त्याला रबरी चपलेचा तळ बांधला. दस्ता इतका लांब झाला की तिचा गाल रायफलीला पोचेना. मग नारळाच्या काथ्याची उशी केली. ती पहिल्याच गोळीला घसरून पोटावर आली. प्रविणनं विचारलं, "कितवा महिना?" तुळशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपोआप चार पावलं मागं सरकला.

आणि मग कारखान्यात, फुगे तपासता तपासता, तिला सुचलं. फुगा! एकात एक असे दोन गुलाबी फुगे, हवा अर्धीच, ब्लाउजच्या खांद्यात आतून शिवलेले. धक्का फुग्यानं खायचा, खांद्यानं आराम करायचा!

पण खात्री करायला घरी रायफल कुठली? विनोदनं मुसळ आणलं. तुळशी कुडाला पाठ लावून उभी राहिली.

"मार!"

विनोदनं मुसळ असं टेकवलं, जशी बाळाला तीट लावतात.

"जेवला नायस का? जोरात!"

"लागंल ना गं!"

"बंदूक काय विचारून मारते? मार म्हणते ना!"

विनोदनं डोळे मिटून मुसळ हाणलं. नेमकी त्याच वेळी त्याची आई बुधी सुक्या बोंबिलांची पाटी घेऊन अंगणात शिरली. पाटी पडली! बोंबील अंगणभर!

"मेल्या विन्या! सुनेला मुसळानं कुटतोस?"

"आये, तीच सांगते जोरात मार म्हणून!"

"तीच सांगते?" बुधी थबकली. सुनेचा निळाजांभळा खांदा तिनं पाहिला आणि बोंब ठोकली, "अरं, हिला लागीर झालंय!"

पाडा गोळा झाला. अर्धे विनोदला बडवायला निघाले, अर्धे चैत्या भगताला आणायला धावले. तुळशी एकटी घसा फोडून ओरडत होती, "अरे, मीच मारायला लावलंय!" आणि ती जितकी ओरडली तितकी लोकांची खात्री पटत गेली.

चैत्या आला. सुपात तांदळाचे दाणे टाकले, डोळे मिटले.

"ह्यो मार माणसाचा नाय. लोखंडाचा हाय. रविवारी परत मारणार."

आता यात खोटं काय होतं?

रविवारी सगळा पाडा दोन टमटममध्ये कोंबून बोर्डीला हजर. लोखंड सुनेला कसं मारतं, तेच बघतो! शेठनं पाटीकडे एकदा पाहिलं आणि फाटक उघडलं.

तुळशी उभी राहिली. दस्ता फुग्यावर, गाल लाकडावर, अंग पुढं.

धाड! काळ्या गोलात! खांद्याला जणू कोणी उशी मारली.

धाड! परत काळ्या गोलात! प्रविणचा चेहरा दुधात लिंबू पिळल्यासारखा.

तिसरी.

धाड! फट्‍!

"थांब!" चिमण मास्तर किंचाळले. "रायफल खाली ठेव! कोणी हलू नका!"

चाप एकदा ओढला आणि आवाज दोन! सेमी-ऑटोमॅटिकनं एका चापात दोन गोळ्या झाडल्या म्हणजे बंदूकच वेडी झाली. शेठ खुर्चीखाली गेला. त्याच खुर्चीखाली प्रविण आधीच होता. मास्तरांनी मॅगझिन काढलं, नळीत सरकलेली गोळीही बाहेर काढली. दोन गोळ्या शाबूत! म्हणजे सुटल्या तीनच. मग चौथा आवाज कोणाचा? निशाणाच्या कागदावर तर भोकंसुद्धा दोनच, तिसरी हुकलेली!

"अरं देवा, हिचा खांदा फुटला!" बुधीनं टाहो फोडला. सुनेच्या ब्लाउजातून काहीतरी गुलाबी लोंबत होतं. चैत्यानं तांदूळ फेकले ते नेमके मास्तरांच्या डोळ्यांत.

तुळशीनं बाहीत हात घातला आणि चिंधी ओढून काढली. फुग्याची! वर अर्धवट अक्षरं : 'हॅपी बर्थ'.

प्रविण खुर्चीखालून बाहेर आला. "चीटिंग! बाद करा हिला!"

"का? तुझ्या जॅकेटात गादी चालते, माझ्या ब्लाउजात फुगा का नाय चालत? पाटीवर लिहून लाव, 'गादीवाल्यांसाठी खुला'! मग जाते मी!"

पाडा असा ओरडला की झाडावरचे चार चिकू गळाले. मास्तर डोळे चोळत म्हणाले, "दोन गोळ्या राहिल्यात. मार."

फुगा गेलेला. मध्ये फक्त ब्लाउज. चौथी गोळी मारताना खांदाच आधी दचकला. गोळी मातीत गेली. एकच उरली. मागं गटातल्या चार बाया उभ्या.

"लोखंडा," तुळशी पुटपुटली, "मार, किती मारतोस ते!" आणि मागं सरायच्या ऐवजी ती रेड्याच्या अंगावरच झुकली.

धाड! काळ्या गोलात!

गट राहिला. तुळशी टीममध्ये आली. फोटोत तिनं डावा हात उंचावलाय. उजवा दुखत होता काय? छे! ती डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं वेणी घातली, आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "सवय करून बघते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात प्रविण उभा. इकडं तिकडं बघत, हळूच म्हणाला, "वहिनी... ते गुलाबी फुगे... कुठल्या साइजचे?"

"तुझ्याकडं तर गादी आहे!"

प्रविणनं शर्टाची दोन बटणं काढली. खांदा जांभळाच्याही पुढचा, वांग्याच्या रंगाचा!

तुळशीनं नीट निरखून पाहिलं आणि घराकडं तोंड करून हाक मारली,

"अरे विनोद, मुसळ आण! गिऱ्हाईक आलंय!"