किसनरावांचा अंगठा

आमचे किसनराव कंपाउंडर चिमटा काढायचे दंडाला आणि बघायचे पायाकडे. नवख्याला वाटायचं, ह्यांचं काहीतरी खाली पडलंय. हिंगोलीच्या दवाखान्यात चपला बाहेर काढून यावं लागे, त्यामुळे सगळ्यांचे पाय त्यांना उघडेच सापडत.

"तोंडाचं काय घेऊन बसलात, मास्तर?" ते मला म्हणायचे. "कळमनुरीचा एक पाटील सुई बघूनच बोंबलतो, अन् तांड्यावरची बाई मोडका हात घेऊन हसते. पायाचा अंगठा बघा. दुखलं की बराबर आत वळतो!"

निजामाच्या अख्ख्या राज्यात असलं संशोधन करणारे ते एकटेच असावेत. डॉक्टरांनी कुणाला अफूचा अर्क लिहून दिला, की देण्याआधी एक चिमटा, अर्ध्या तासानं दुसरा. अंगठा 'पुरा', 'अर्धा' की 'जराशीक' वळला, ते वहीत.

अर्काबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "दुखणं कुठंच जात न्हाई. तिथंच बसून ऱ्हातं. त्याची फिकीर जाते."

मग माझी दाढ सुजली. पहिल्या चिमट्याला मी "मेलो!" म्हणून ओरडलो, ते खरं होतं. अर्क घेतल्यावर मात्र दाढ दुसऱ्याच कुणाची असावी असं वाटू लागलं. दुसरा चिमटा तर नुसता दिसला, लागला नाही. तेव्हा मला खोडी सुचली. चेहरा शांत ठेवून मी अंगठा असा वळवला, की तळव्यात गोळा आला.

"दुखलं?"

"छे! आराम आहे."

"मग ह्यो काहून वळला?"

"त्यालाच विचारा."

शाळेत ही गोष्ट मी नकलेसकट सांगितली. पुढे आठ दिवस किसनरावांनी कुणालाच चिमटा काढला नाही. लोकांनी माझे आभार मानले.

नवव्या दिवशी दुपारी दाढेचं औषध मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी जानकीबाई बाजेवर पडून होत्या. त्यांच्या पोटातल्या गाठीबद्दल मी उडतउडत ऐकलं होतं.

"या मास्तर, बसा," त्या हसून म्हणाल्या.

"तब्येत कशी आहे?"

"बरी हाय की. मला काय झालंय?"

किसनराव पायथ्याशी बसले होते. हातात अर्काची बाटली, बूच काढलेलं. पांघरुणाबाहेर बाईंचा अंगठा तळव्यात रुतल्यासारखा वळला होता.

मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणाले, दुखतं म्हणाली तर पाच थेंब द्या, उगा देऊ नका, जहर हाय. ही तर रोज बरं हायच म्हणून राहिली. मी अंगठा बघून देत होतो. पर तुमचा अंगठा दुखल्याबगर वळला, मास्तर. मग हिचा तरी कशावरून खरा? आठ दिस थेंब दिला न्हाई."

"किसनराव, मी मुद्दाम वळवला होता. लबाडी केली."

त्यांनी पाण्यात पाच थेंब मोजून टाकले आणि पेला बाईंच्या ओठाला लावला.

"तुमी बी उगा तकलीफ घेता," म्हणत त्या प्याल्या.

मग आम्ही दोघं तो अंगठा बघत बसलो. बऱ्याच वेळानं तो जरासा हलला, उलगडला आणि एका बाजूला कलंडला. बाई संथ घोरत होत्या.

"गेली फिकीर," किसनराव पुटपुटले.

दारापर्यंत पोचवायला आले आणि त्यांनी माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. पायाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"दुखलं?"

"दुखलं," मी म्हणालो.