धुतलेलं जॅकेट आणि एक शब्द

शब्दकोशाच्या कचेरीत हेल्लेवीकडे ‘ए’ हे अक्षर होतं आणि ‘एरॅताइतो’ या शब्दापाशी ती तीन आठवडे अडकली होती. ‘रानात राहण्याचं कौशल्य’ असा अर्थ तिने लिहिला, तर मुख्य संपादक बाईंनी समासात शेरा मारला : ‘कोरडं वाटतं. बोलणाऱ्याच्या तोंडचं वाक्य हवं.’

तिने वडिलांना फोन केला. ओइवा एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि उत्तरेकडच्या काइनू भागात जंगलाकाठी एकटे राहत होते.

“बाबा, एरॅताइतो हा शब्द तुम्ही बोलताना कसा वापरता?”

“वापरत नाही.”

“मग काय म्हणता?”

“लाकडं संपली की म्हणतो, लाकडं संपली.” मग ते म्हणाले, “शनिवारी रानातल्या खोपीवर जाऊ. बघ आणि लिही.”

हेल्लेवीला वेगळंच काही बघायचं होतं. कायानी शहरात दवाखान्याशेजारी लिफ्ट असलेलं एक घर तिने बाबांसाठी हेरलं होतं. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. बाबांना ते माहीत होतं. घर सोडायची त्यांची मुळीच तयारी नव्हती, पण ते बोलत काही नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी ती पोचली. दारामागे बाबांचं रानातलं जॅकेट टांगलेलं होतं. त्याला धुराचा, माशांचा आणि बहुधा एखाद्या कुत्र्याचा वास येत होता. तिने खिसे रिकामे केले, त्यातल्या वस्तू खिडकीत ओळीने मांडल्या आणि जॅकेट धुऊन दोरीवर टाकलं. बाबा दारातून बघत होते.

“छान निघालंय,” ते म्हणाले.

सकाळी ते ओलंच होतं. बाबांनी दुसरं, चर्चला जायचं जॅकेट घातलं. हेल्लेवीच्या पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, शिटी, बँडेज आणि बाबांच्या आठवड्याभराच्या गोळ्या होत्या. हातात एक कागद होता : ‘एकटे राहू शकतात का? दहा प्रश्न.’

दलदलीवरून दोन फळ्यांची वाट जाते. बाबा पुढे चालत होते. प्रश्न चौथा होता : ‘चालताना लक्ष असतं का?’ तो वाचता वाचताच हेल्लेवीचा पाय फळीवरून सुटला आणि ती गुडघ्यापर्यंत चिखलात गेली.

बाबांनी हात दिला. “त्यात माझं काय लिहिलंयस?”

“अजून काही नाही.”

“बरं. बूट शोध आधी.”

बूट सापडला. तीन किलोमीटर चालून दोघं खोपीवर पोचले तेव्हा तिचे दात वाजत होते. या खोपीला मालक नाही आणि कुलूपही नाही. जो येईल त्याची ती.

“आधी विस्तव,” बाबा म्हणाले आणि खिशात हात घातला. हात तिथेच थांबला. मग दुसऱ्या खिशात गेला.

“काड्यापेटी?” हेल्लेवीने विचारलं.

“राहिली.”

“सुरी?”

“तीपण.”

“चष्मा तरी?”

“घरी असेल.”

हेल्लेवीने थंडीने कापणाऱ्या बोटांनी सातव्या प्रश्नापुढे खूण केली : ‘वस्तू विसरतात – होय.’ तिला फार वाईट वाटलं. तिने हळूच विचारलं, “कॉफी?”

“कॉफी तुझ्याकडे होती ना?”

तिने पिशवी उघडली. रक्तदाबाचं यंत्र होतं. कॉफी नव्हती. कागदावर हेल्लेवीच्या विसरण्यासाठी रकाना नव्हता.

बाबांनी लोखंडी चुलीचं दार उघडलं. आत भूर्जाची साल आणि बारीक फोडलेली लाकडं रचून ठेवलेली होती. त्यांनी दाराच्या चौकटीवरून पत्र्याचा डबा काढला, त्यातली काडी ओढली आणि फळीवरच्या बरणीतली कॉफी किटलीत घातली. पाचेक मिनिटांत हेल्लेवीचे मोजे चुलीवर वाफ सोडू लागले.

“हे कुणी ठेवलं?”

“आधीच्या माणसानं. जाताना पुढच्यासाठी ठेवायचं असतं.”

“आणि त्यानं नसतं ठेवलं तर?”

“ठेवतात.”

ती वैतागली. हे कौशल्य नव्हे, नशीब, असं तिच्या मनात आलं. आधीचा माणूस कोण ते बघावं म्हणून तिने खिळ्याला टांगलेली वही काढली. शेवटच्या पानावरचं अक्षर थरथरतं होतं, पण नीट लागत होतं :

‘गुरुवार. लाकडं फोडून ठेवली. काड्यापेटी डब्यात. कॉफी बरणीत, कारण ती औषधं आणेल. शनिवारी लेकीला घेऊन येतोय. ती घरी आली की पहिलं माझं जॅकेट धुते. – ओइवा’

हेल्लेवीने ते दोनदा वाचलं. खिडकीतली ओळ तिला आठवली : काड्यापेटी, सुरी, चष्मा.

“काय लिहिलंय गं?” बाबांनी विचारलं. “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

“हवामान,” ती म्हणाली. वही खिळ्याला परत टांगत तिने विचारलं, “बाबा, काल मला अडवलं का नाही?”

“आईसारखी बाही पिळत होतीस. बघत बसलो.”

कॉफी कडक झाली होती. दोघांनी दोन-दोन कप घेतली.

निघण्याआधी बाबांनी खोपीतली कुऱ्हाड तिच्या हातात दिली. तिने फोडलेली लाकडं वाकडीतिकडी निघाली. बाबांनी नावं न ठेवता ती चुलीत रचली आणि ते साल शोधू लागले. हेल्लेवीने खिशातून दहा प्रश्नांचा कागद काढला, चुरगळला आणि लाकडांखाली सरकवला.

“कोरडा आहे,” ती म्हणाली. “पुढच्याला उपयोगी पडेल.”

“शिकतेयस,” बाबा म्हणाले.

सोमवारी तिने कायानीला ‘नको’ कळवलं आणि नवा अर्थ लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला : ‘मागून येणाऱ्याला काय लागेल ते ओळखून आधीच ठेवून देण्याचं कौशल्य. हे ज्यांना येतं ते हा शब्द सहसा वापरत नाहीत.’

दुपारी कागद परत आला. समासात बाईंनी लिहिलं होतं : ‘यात रान कुठे आहे?’

हेल्लेवीने सुरुवातीला ‘रानात’ एवढा शब्द घातला आणि बाकीचं तसंच ठेवलं.