रुमालाखालचं निदान

बेल्ह्याच्या बबनमिस्त्रींनी गाडीचा आजार कधी तोंडानं सांगितला नाही. बॉनेट उघडायचं, डोळे मिटून इंजिन ऐकायचं, मग खांद्यावरचा रुमाल मालकाच्या हातावर टाकून खालून त्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे डिझेल, दोन म्हणजे हवा, तीन म्हणजे वायरिंग. चार दाबली की समजायचं, चूक मालकाचीच.

मिस्त्रींचे वडील इथल्याच बैलबाजारात दलाल होते. तिथला सौदा असाच रुमालाखाली व्हायचा. लेकानं बैल सोडले, रुमाल ठेवला. "चारचौघांत मालकाची अब्रू कशाला काढायची, राव?" पण चार बोटं दाबली गेली की मालक असा काही लाजायचा, की समोरच्या हॉटेलातून ओरड यायचीच, "मिस्त्री, पंजाला एक कमी का?"

बॉनेट उघडताना म्हणायचे, "आ कर, बाई." गाडी तापलेली असली, तर मालकाकडे रागानं बघायचे आणि तिला म्हणायचे, "लई दामटली गं तुला." गाडीचा बिघाड पडद्यावर दाखवणारं स्कॅनरचं मशीनही होतं त्यांच्याकडं. "त्ये चोमडं हाय," म्हणायचे, पण रोज पुसून ठेवायचे.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. कमी बोलतो, म्हणून लोक मला हुशार समजतात. एका रविवारी मोबाइलवर व्हिडिओ बघून मी माझ्या गाडीचा हवेचा सेन्सर काढला आणि जुन्या टूथब्रशनं घासला. इंजिनात हवा किती जाते ते मोजणारी केसासारखी तार त्यात असते. ती घासायची नसते, हे व्हिडिओत पुढं होतं. पुढचं मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणे घाटात गाडीचा जोरच गेला. पाय दाबून धरला तरी चढेना. मेंढ्यांनी भरलेला टेम्पो मागून पुढं निघून गेला, आणि मेंढ्याही माझ्याकडं बघत गेल्या.

"सर, कुणी हात लावला व्हता का हिला?" गाडी कशीबशी त्यांच्या दारात आणल्यावर मिस्त्रींनी विचारलं.

हॉटेलातली सगळी माणसं बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी त्यांनी डिझेल फिल्टर बदलला, दुसऱ्या दिवशी टर्बोचे पाइप तपासले. मशीन म्हणे, सगळं बरं आहे. तिसऱ्या दिवशी ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि मी गाडी घाटात घातली.

"मला तर हवाच वाटती," ते पुटपुटले. "पर सगळे पाइप बघितले. सेन्सरला कुणी हात लावला न्हाई म्हंता. सरांचा शब्द खोटा कसा आसंल? माझाच कान गेला म्हणायचा."

मी गिअर बदलला.

चौथ्या दिवशी गेलो, तर मिस्त्री पाने-पकडी पुसून पोत्यात भरत होते. "आळंफाट्याच्या ग्यारेजात न्या गाडी. मी आता बास करतो. कान गेलेल्या मिस्त्रीनं लोकांच्या गाड्या कशाला खोलायच्या?"

शेवटी मी त्यांच्याच खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून चार बोटं दाबली.

मिस्त्री बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "कवा?"

"रविवारी. सेन्सर घासला. टूथब्रशनं."

"पेस्ट लावली व्हती का?"

आणि असे हसले की पोतं कलंडून पाने रस्त्यावर सांडले. "कान शाबूत हाय माझा!" ते हॉटेलाकडं बघून ओरडले. "समद्यांना चहा द्या!"

"झालं काय व्हतं गाडीला?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"त्ये रुमालाखालचं हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आज मीच सांगतोय.

नवा सेन्सर बसला आणि आम्ही पुन्हा घाटाला लागलो. गाडी तिसऱ्या गिअरवर चढत होती, मागून मिस्त्री ओरडत होते, "हाणा सर, हाणा!" माथ्यावर गाडी बाजूला घेऊन मी किल्लीला हात घातला.

"बंद नका करू."

ते डोळे मिटून बसले होते.

"आमची मंडळी गेल्यापास्नं घरात कुणाचा आवाज न्हाई. दिसभर ह्येच कायतरी कानावर पडतंय. चार दिवस लई भ्या वाटलं, राव."

मी किल्लीवरचा हात काढून घेतला. इंजिन चालू राहिलं.