दुपारी दोनची बेल आणि लाल टिकली

हुडकेश्वरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कोणाची नाही. हे मी नम्रपणे सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी मार्तंड ढोबळे, खाजगी गुप्तहेर. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. कोण आलं, कोण गेलं, हे माझ्यापासून लपत नाही. सध्या घरी एकटाच असतो, त्यामुळे येणाराही मी आणि जाणाराही मीच.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, प्रकरण सुरू झालं. रोज दुपारी बरोबर दोनला माझी बेल वाजू लागली. सोमवारी पलीकडच्या घरातले मधुकरराव आले आणि "किती वाजले?" एवढंच विचारून गेले. मनगटावर घड्याळ होतं! मंगळवारी शेजारच्या रुखमाबाईंनी ताक आणलं आणि मी ते संपवेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. बुधवारी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली, काळा गॉगल लावलेली एक बाई माझ्या हातात कांदा ठेवून पसार झाली.

मी तर्क लढवला. टोळी! घरफोडीआधीची पाहणी! ताकात गुंगीचं औषध होतं, कारण ते पिऊन मला तासभर गाढ झोप लागली. कांदा पुरावा म्हणून कापून तपासला, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणजे विषारी वायू. दुपट्टेवालीचा माग काढत सीताबर्डीला गेलो, तर तिथे स्कूटरवरची प्रत्येक बाई तशीच. टोळी फारच मोठी होती.

अखेर अड्डा सापडला. देवळाच्या सभामंडपात, वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर आमच्या ले-आउटचा नकाशा काढलेला होता. सावलीची झाडं, पाण्याचे माठ, पावसात तुंबणारी नाली, सगळं त्यात होतं. आणि माझ्या घरावर लाल टिकली! समोर रुखमाबाई माठ भरत होत्या.

"पकडलं! माझ्या घरावर निशाणी काहून?"

"काय पकडलं गा भाऊ? उन्हाळ्या-पावसाळ्यासाठी सगळ्यांनी मिळून बनवला हा नकाशा. तुमाले बी बोलावलं होतं, तर तुमी म्हणे गुप्तहेराले नकाशा लागत नाही. लाल टिकली म्हणजे एकटा माणूस, कूलर बंद. उन्हाची लू लागून पडले तर कोणाले समजन? म्हणून पाळीपाळीनं पाहून येतो."

"आणि ती दुपट्टेवाली? तिचा कांदा मी कापून तपासला आहे!"

"मागच्या गल्लीतली भैरवी होय ते. लू लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवाले देल्ला होता, कापाले नाही."

गुप्तहेरावर पाळत! मी रागाने टिकली उपटून फेकली.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनलाच शर्ट घालून दाराशी बसलो. दोन वाजले. सव्वादोन झाले. बेल वाजली नाही. खरं सांगतो, मला फार एकटं वाटलं.

अडीचला मीच रुखमाबाईंची बेल वाजवली. "आज काहून नाही आलं कोणी?"

"मधुकररावची पाळी होती. नकाशावर तुमची टिकली दिसली नाही, तर तो झोपून राहिला असन." त्यांनी आरशावर चिकटवलेली एक लाल टिकली काढून माझ्या बोटावर ठेवली. "घ्या. लावा आपल्या हातानं."

मी तसाच देवळात गेलो, टिकली माझ्या घरावर लावली आणि निघू नये म्हणून बराच वेळ अंगठ्याने दाबून उभा राहिलो.