घागरवाले ओवरसियर

डोमाभाऊ बावणे डोक्यावर भरली घागर घेऊन निघाले की गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची. अंगात खाकी कोट, पायात सरकारी बूट, कोरलेल्या मिशा, आणि डोक्यावर लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, तिच्यावर काठोकाठ भरलेली पितळी घागर. चालताना ओठ सारखे हलायचे. आम्हाला वाटायचं, पाणी सांडू नये म्हणून देवाचा धावा करतात.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या त्या दिवसांत गावोगावी विकासाची योजना आली होती. चांदा जिल्ह्यातल्या एका ब्लॉक ऑफिसात मी कारकून होतो आणि डोमाभाऊ विहिरींचे ओवरसियर. विहिरीची जागा ठरवायची, तर बाकीचे ओवरसियर टेप घेऊन जायचे. आमचे हे घागर घेऊन. विहिरीच्या जागेपासून गावातल्या शेवटच्या घरापर्यंत स्वतः पाणी वाहून नेल्याशिवाय कागदावर सही नाही.

"नकाशावर समदं जवळच दिसते, बाबू," ते मला म्हणायचे. "मानेले इचारा."

त्यांना काहीही सांगा, त्यांचा प्रश्न एकच: "थे ठीक हाये. पन डोक्यावर कोनाच्या?" गावात नवा रस्ता होतोय म्हणा, डोक्यावर कोणाच्या? साहेबांसाठी मंडप घातला म्हणा, डोक्यावर कोणाच्या? एकदा मी ऐटीत सांगितलं, की काल घरी अचानक सात पाहुणे आले आणि आम्ही सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. यांचा प्रश्न तयार. माझी बायको दाराआडून ऐकत होती. त्या दिवसापासून डोमाभाऊंच्या चहात दूध वाढलं. माझ्या चहात होतं तेवढंच राहिलं.

दिल्लीहून आम्हाला छापील फॉर्म यायचे. त्यात चौदावा रकाना होता, 'योजनेत स्त्रियांचा सहभाग'. मी दर महिन्याला तिथे वळणदार अक्षरात 'समाधानकारक' असं लिहायचो. एकाही बाईला कधी काही विचारलं नव्हतं. अक्षर मात्र खरंच सुरेख होतं हो! डोमाभाऊंनी एकदा तो कागद हातात घेतला आणि म्हणाले, "कोनाचं समाधान, बाबू? तुमचं का?" मला भारी राग आला. खरं बोललेलं मला कधीच सोसत नाही.

मग चिंचटोल्याची विहीर निघाली. गाव लांबट. एका टोकाला पाटलाचं घर, दुसऱ्या टोकाला टोली, म्हणजे गरिबांची वस्ती. टोलीतल्या बायापोरी लांबच्या नाल्यावरून पाणी आणायच्या. पाटलाला विहीर स्वतःच्या फाटकासमोर हवी होती, बायांना टोलीजवळच्या चिंचेखाली. पाटलाने वर अर्जही केला होता, की हा ओवरसियर वेडसर आहे, याची बदली करा.

जागा पक्की करायच्या दिवशी योजनेचे परदेशी पाहुणे आले, आमचे मोठे साहेब आले, सारा गाव जमला. पाटील म्हणाले, "माझ्या दारातून पानी न्याले काय होते? बाया नेतेतच."

डोमाभाऊ शांतपणे म्हणाले, "ठीक हाये. तुमच्याच दारात खनतो, पाटीलभाऊ. फकत ही घागर टोलीपर्यंत नेऊन दाखवा."

पाहुण्यांदेखत नाही कसं म्हणणार? पाटलांनी फेटा काढला, चुंबळ ठेवली, घागर चढवली. दहाव्या घरापर्यंत रुबाब टिकला. पंधराव्या घराशी मान तिरकी झाली. पुढे सदरा भिजला, धोतर पायाला चिकटलं, बाया पदर तोंडात धरून मागून येत होत्या. शेवटी पाटलांनी घागर खाली टेकवली आणि धापा टाकत म्हणाले, "बस झालं. इथीच खना."

टोलीतली एक म्हातारी पुढे आली. तिने चिंचेकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. "अजून वीस पावलं हायेत, पाटीलभाऊ."

पाटलांनी मुकाट्याने घागर उचलली. विहीर चिंचेखाली झाली. बदलीचा अर्जही कुठेतरी जिरला.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं, बाया भरू लागल्या, आणि पंधरवड्याने साहेबांना सवड झाली. नारळ फुटला, फोटोवाला आला, साहेब मध्ये उभे राहिले. ओवरसियरचा पत्ता नाही. मला शोधायला पिटाळलं. मी चरफडत गाव पालथं घातलं, तर हे महाशय शाळेच्या खिडकीशी उभे, चुंबळ हातात.

"डोमाभाऊ, तिकडे फोटो खोळंबलाय."

"तीन होत्या," ते आत बघत पुटपुटले. "आज सात हायेत."

आत भिंतीशी सात पोरी बसल्या होत्या. नाल्यावरची खेप वाचली होती ना.

"माझी मोठी बहीन, मंजुळाबाई," ते म्हणाले. "माह्यापेक्षा हुशार. शाळेच्या भिंतीआडून पाढे आयकायची अन् पानी आनता आनता मले शिकवायची. मले शाळेत घातलं, थे पान्यालेच राह्यली. अजूनही जाते, बाबू. आमच्या गावाले काही विहीर मंजूर होऊन नाई राह्यली." त्यांनी हातातली चुंबळ उलटीपालटी केली. "हे तिच्याच लुगड्याची. मी दर महिन्याले पत्र लिहितो तिले. वाचून दाखवाले घरी कोनी नाई. तशीच पेटीत ठेवते म्हनते."

 

तेवढ्यात आत मास्तरांनी पाढे सुरू केले. नऊ एके नऊ. पोरींचे आवाज चढले आणि डोमाभाऊंचे ओठ हलू लागले, घागर डोक्यावर असताना हलायचे तसेच.

नऊचा पाढा संपेपर्यंत मी त्यांच्या शेजारी थांबलो. मग एकटाच परत गेलो आणि फोटोवाल्याला म्हणालो, "घ्या उरकून. ओवरसियरसाहेब शाळेत बसलेत."